पोदेराचा भोंगा आणि बूट : सुटलेला व्यायाम परत कसा धरायचा

तीस वर्षं गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवलं. त्या काळात "टीचर, तुम्ही व्यायाम कधी करता?" असं मला कुणी विचारलं नाही. सकाळची प्रार्थना, सहावीचा तास, मैदानावर चुन्याच्या रेघा, संध्याकाळी मुलींचा खो-खो. घंटा वाजायची आणि पाय उठायचे. मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले, आठ-दहा दिवसांत पाऊस लागला आणि मी घरात बसले. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढले, तर उतरताना भिंत धरावी लागली. अवघ्या तीन महिन्यांत! व्यायाम म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, शरीरही तेच होतं. माझी घंटा तेवढी गेली होती.

त्यानंतर आमच्या वाड्यावरच्या बायकांबरोबर सकाळी चालायला लागले. कोण कधी सुरू करतं, कोण कधी सोडतं हे गेली काही वर्षं जवळून बघते आहे. सुरुवात जवळजवळ सगळेच करतात. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला, लेकीचं लग्न ठरलं, जानेवारी उजाडला, की बूट घेतले जातात. व्यायामाचा कार्यक्रम सुरू करणाऱ्यांपैकी ढोबळमानाने निम्मी माणसं पहिल्या सहा महिन्यांत गळतात, असं या विषयातले अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. आमच्याकडे ती कधी गळतात हे मी तारखेसकट सांगू शकते : जूनच्या पहिल्या आठवड्यात, चवथीत, दिवाळीत, गावच्या जत्रेला आणि मे महिन्यात पाहुणे आले की. हे दिवस दर वर्षी येणार. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यातला मोठा भाग सुटल्यानंतरच्या दिवसांचा आहे.

सुरुवातीआधी एक तपासणी

चालताना छातीत दाब येतो, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते, चक्कर येते किंवा थोड्याशा श्रमाने दम लागतो, असं काही होत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, बूट नंतर. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामामुळे साखर एकदम उतरू शकते. वेळ आणि डोस डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि खिशात दोन-तीन साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं, तर तिथेच थांबून ते खायचं. घर गाठायची वाट बघायची नाही.

पायरी १ : कारण तुमचं स्वतःचं हवं

वहीचं एक पान घ्या आणि "मला हे कशासाठी हवं आहे?" याचं एका ओळीत उत्तर लिहा. "डॉक्टरांनी सांगितलं" हे उत्तर खोडा. "वजन कमी करायला" हेही जरा बाजूला ठेवा.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून प्रेरणेचा जो सिद्धांत मांडला, त्यात माणसाला तीन गोष्टी लागतात. आपण हे आपल्या मर्जीने करतो आहोत, आपल्याला हे जमतं आहे आणि आपण कुणाच्या तरी सोबत आहोत. भीतीने किंवा लाजेने सुरू केलेलं काम काही दिवस जोरात चालतं. भीती ओसरली की पायही थांबतात. आमच्या गटात एक वहिनी आहे. तिला साखरेच्या भीतीने तीनदा सुरुवात करावी लागली आणि तीनदा सुटलं. चौथ्यांदा तिने वहीत लिहिलं : "देवळाच्या पायऱ्या न थांबता चढायच्या आणि वर पोचल्यावर आरती म्हणण्याइतका श्वास राहायला हवा." या वेळी ते टिकलं, कारण दर सोमवारी देवळात गेल्यावर तिला स्वतःलाच कळायचं कितवी पायरी गाठली.

वजनाला बाजूला ठेवायचं कारण असं. वजन फार हळू उतरतं आणि नुसत्या चालण्याने तर अगदीच थोडं. दर रविवारी काट्यावर उभं राहून निराश व्हायला ते एक निमित्त होतं. झोप, मनाचा हलकेपणा, जिने चढतानाचा दम हे बदल बऱ्याच आधी दिसतात. ते मोजा.

पायरी २ : आपला भोंगा शोधा

"उद्यापासून रोज सकाळी चालणार" हा संकल्प अर्धाच आहे. सकाळ म्हणजे नेमकं केव्हा? चहाआधी की नंतर? जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेली गोष्ट साधी आहे : नुसतं ध्येय ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधी ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा पार पडतं. ठरवायचं ओझं त्या क्षणावर उरत नाही.

माझा क्षण म्हणजे पोदेर, दारोदार पाव विकणारा. सव्वासहाच्या सुमारास सायकलच्या मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक पांघरलेला आमचा पोदेर वळणावर भोंगा वाजवतो, पॉं-पॉं. आधी मी पिशवी घेऊन फाटकावर जायची आणि पोळी-उंडे हे पाव घेऊन परत येऊन चहा ठेवायची. आता बूट रात्रीच बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बसायच्या सोप्याखाली ठेवलेले असतात, मोजे त्यातच खोचलेले. भोंगा ऐकला की सोप्यावर बसून बूट चढवायचे, नाड्या बांधायच्या, मगच फाटकाकडे जायचं. पाव घेतले की पिशवी फाटकाच्या आतल्या खुंटीला अडकवते आणि तशीच रस्त्याला लागते. घरात परत शिरायचं नाही, हा यातला खरा भाग आहे. घरात शिरले की गॅस दिसतो, मोरी दिसते, फोन दिसतो.

तुमच्याकडे पोदेर उशिरा येत असेल तर दुसरं काही निवडा. मुलांना बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसवून दिलं की. दुकानाचं शटर ओढलं की. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, ती दर आठवड्याला बदलते. त्यांनी "कंपनीच्या बसमधून उतरलो की घरी जाण्याआधी" असा प्रसंग धरावा. वेळ बदलली तरी बसमधून उतरणं बदलत नाही.

सवय २१ दिवसांत लागते असं बरेच जण सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा काळ मधल्या माणसासाठी ६६ दिवस निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. तेव्हा तिसऱ्या आठवड्यातही अंथरुणातून उठवत नसेल तर तुमच्यात काही खोट आहे असं समजू नका. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी आमच्या बायकांना वारंवार सांगते : मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

पायरी ३ : थोड्यापासून, खरोखर थोड्यापासून

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे : प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, शिवाय दोन किंवा अधिक दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम. पासष्टीपुढच्या माणसांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. पूर्वी सलग १० मिनिटांहून कमी हालचाल मोजली जात नसे. २०२० मध्ये ती अट काढली. तिंट्यावर, म्हणजे नाक्यावरच्या बाजारात, जाऊन मासळी घेऊन येतानाची भरभर पाच मिनिटंही जमेला धरायची.

१५० हा आकडा पहिल्या आठवड्यात गाठायचा नसतो. पहिले दोन आठवडे रोज १० मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. मग दर दोन आठवड्यांनी ५ मिनिटं वाढवा. नवव्या आठवड्यात ३० मिनिटांवर पोचाल आणि पाच दिवसांचे १५० होतील. पहिल्या दहा दिवसांत लोकांना वाटतं, "हे तर काहीच नाही, मी पाऊण तास चालू शकते." चालू शकता, खरं आहे. पण पाचव्या दिवशी पोटऱ्या भरून येतील, सहाव्या दिवशी विश्रांती आणि सातव्या दिवशी तेच निमित्त. जमतंय ही जाणीव पक्की होईपर्यंत पुढे पळू नका.

फोनमधल्या १०,००० पावलांच्या आकड्यालाही घाबरू नका. तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेला आकडा आहे. कुणा डॉक्टरने घालून दिलेली ती मर्यादा नव्हे. तुमची आजची पावलं ३,००० असतील तर पुढच्या महिन्यात ४,००० हे चांगलं काम आहे.

वेग किती हवा हे ओळखायला यंत्र लागत नाही. सोबतच्या माणसाशी बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढाच मध्यम वेग. गोव्यात भजन म्हणणारी माणसं घरोघरी आहेत, म्हणून मी असं सांगते : अभंगाची ओळ ताणून म्हणता आली तर पाय जरा उचला. दोन शब्द बोलायलाही थांबावं लागलं तर वेग कमी करा.

पायरी ४ : ताकद, जिच्याकडे कुणी बघत नाही

चालणाऱ्या माणसांची इथे मोठी गफलत होते. चालण्याने हृदय सुधारतं, पण मांड्यांचे, पाठीचे, खांद्यांचे स्नायू वयाबरोबर कमी होतच राहतात. न्हाणीघरात पाय घसरला तर सावरायला हेच स्नायू लागतात. माटोळीच्या स्टुलावर माझं जे झालं ते यामुळेच.

आठवड्यातून दोन दिवस, सोप्यावर किंवा भक्कम लाकडी खुर्चीवर हे करा. पाय खांद्याइतके फाकवून बसा, हात छातीवर घडी करा, हातांचा आधार न घेता उभे राहा, सावकाश बसा. बसताना धप्पकन पडू नका, तीन मोजत खाली या, सगळा फायदा त्या तीन मोजण्यात आहे. असं ८ ते १० वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. मग भिंतीला तळवे टेकून दंड. मग टाचा वर उचलणं, स्वयंपाकाच्या ओट्याला बोटं लावून. शेवटी ओट्याजवळच एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलोचं वजन, ते हातात घेऊन खांद्याचे व्यायाम होतात.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजून वहीत लिहा. आमच्यातल्या एका सत्तरीच्या मावशींचा आकडा पहिल्या महिन्यात ६ होता, चौथ्या महिन्यात ११. त्या आकड्याने त्यांना जेवढं धरून ठेवलं तेवढं माझ्या कुठल्याही सांगण्याने ठेवलं नाही.

पायरी ५ : पाऊस

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. ज्याची चालण्याची योजना पावसात चालत नाही, त्याची योजना आठ महिन्यांचीच आहे. म्हणून मे महिन्यातच दुसरी योजना लिहून कॅलेंडरच्या मागे चिकटवा.

माझी अशी आहे. भोंगा तोच, बूट तेच. आकाश उघडं असेल तर डांबरी रस्त्यावर, चिऱ्याच्या पायऱ्या आणि शेवाळलेली पायवाट सोडून. कोसळत असेल तर बाल्कांवात आणि घरातल्या चौकात फेऱ्या, १५ मिनिटं, त्यात घरातला जिना पाच वेळा. मग खुर्चीचे व्यायाम. बूट मात्र घरातही घालायचेच, बूट काढले की मन "आज सुट्टी" असं समजून घेतं.

भिजलेले बूट दोन दिवसांत बुरशी धरतात आणि वास मारणारे बूट हे सोडण्याचं फार खरं कारण आहे. आतला तळवा बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ नको, डिंक सुटतो. मोज्यांचे दोन जास्त जोड ठेवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, मधुमेह असेल तर रोज तळवे बघा.

अंधारात निघत असाल तर विजेरी हवीच. पावसात साप रस्त्यावर येतात आणि आपल्या गावांतल्या रस्त्यांना कडेला चालायला जागा नसते. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला, फिकट कपडे घाला. समुद्रात पोहणाऱ्यांनी पावसाळ्यात समुद्र सोडावा. जीवरक्षकांचा लाल बावटा पोहता येणाऱ्यांसाठीसुद्धा असतो.

बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस आवडत असेल तर जवळच्या क्रीडा संकुलात चौकशी करा. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. मैदानं आणि सभागृहं फक्त खेळाडूंसाठी आहेत असा समज करून घेऊन आपण बाहेरूनच परततो.

पायरी ६ : माणसं

एकटीने चालायला शिस्त लागते, दोघींनी चालायला फक्त लाज पुरते, असं आमच्यातली एक जण म्हणते. दोन ते पाच जणींचा गट चांगला. दहा झाल्या की वेग जुळत नाही आणि मागे राहणारी हळूच गळते. सगळ्यांत हळू चालणारीला पुढे ठेवा. एवढ्या एका बदलाने आमच्या गटातल्या दोघी टिकल्या.

आणि खेळाला व्यायामात धरा. धालो हा बायकांचा पारंपरिक नाच, फुगडी यांत दम लागतो, मांड्या भरतात, हसू येतं. चवथीच्या रात्री फुगडीला अर्धा तास उभी राहिलेली बाई दुसऱ्या दिवशी "व्यायाम चुकला" म्हणते, तेव्हा मी तिला वहीत खूण करायला लावते. पुरुषांच्या बाबतीत फुटबॉल तसाच. फक्त पंचवीस वर्षांनी एकदम मैदानात उतरून पूर्ण सामना खेळू नका. आधी सहा आठवडे चालणं आणि खुर्ची, मग १५ मिनिटांचा खेळ.

पायरी ७ : परत येणं

व्यसन सोडणाऱ्या माणसांबरोबर काम करताना अॅलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक गोष्ट पकडली. एकदा घसरलेला माणूस पूर्ण बुडतो तो बहुधा त्या एका घसरण्यामुळे नव्हे. "आता सगळं गेलंच, मी असाच आहे," असं जे तो स्वतःला सांगतो त्यामुळे. व्यायामाचंही तेच. त्या वहिनीने तिसऱ्यांदा सोडलं तेव्हा मी घरी गेले होते. म्हणाली, "टीचर, चार दिवस आले नाही, आता कुठल्या तोंडानं येऊ?" पाय दुखत नव्हते, वेळ होता. लाज आडवी आली होती. तेव्हापासून आमचा नियम आहे : कुणी तीन दिवस दिसली नाही की चौथ्या दिवशी एक जण तिच्या फाटकाशी जाते. "का आली नाहीस" हा प्रश्न विचारायचा नाही. "उद्या दहाच मिनिटं, माझ्याबरोबर," एवढंच म्हणायचं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा करा. पूर्ण केलं तर गोल, किमान केलं तर टिंब. किमान म्हणजे पाच मिनिटं फेऱ्या आणि पाच वेळा खुर्ची. ताप असेल तर काहीच नाही, तो दिवस रिकामा. महिन्याच्या शेवटी रिकामी घरं मोजू नका. रिकाम्या घरांनंतर पहिलं टिंब किती दिवसांनी आलं ते मोजा. आधी ९ दिवस लागत असतील आणि आता ४ लागत असतील तर तुम्ही सुधारला आहात, रिकामी घरं तेवढीच असली तरी.

किती दिवसांनी परत आलात त्यावर कुठून धरायचं ते ठरवा. आठवड्यापर्यंत सुटलं असेल तर जिथे होतात तिथून, पहिला दिवस जरा हळू. दोन-तीन आठवडे झाले असतील तर दम कमी झालेला असतो, अर्ध्या वेळेपासून सुरू करा आणि दहा दिवसांत मूळ जागी या. ताकद त्यामानाने जास्त दिवस टिकते, म्हणून खुर्चीचा आकडा फारसा उतरलेला नसेल, तो आधी मोजा, धीर येतो. दोन महिन्यांपुढे गेलं असेल तर १० मिनिटांपासून पुन्हा. डेंग्यू, मोठा ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर मात्र तारीख डॉक्टरांनी द्यायची.

चवथीसाठी आतापासून हे ठरवून ठेवा. गणपती दीड दिवसाचा असेल तर आदल्या दिवशीचं आणि चतुर्थीचं टिंब, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी बूट. पाच, सात किंवा अकरा दिवसांचा असेल तर रोज एक टिंब, आरतीला उभं राहण्याआधी खुर्चीवरून पाच वेळा उठबस. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे कुणी "आता हे काय मध्येच?" असं विचारणार नाही. आणि विसर्जनाच्या रात्री, कितीही दमलात तरी, झोपायच्या आधी बूट सोप्याखाली ठेवा, मोजे त्यात खोचून.